वेल्डरकाका आणि जळता गोळा

लेकीच्या लग्नाच्या अल्बममध्ये वेल्डरकाका एकाही फोटोत जागे दिसत नाहीत. फ्लॅश उडाला की यांचे डोळे मिटलेच! पस्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाची ती खोड. वेल्डिंग मारण्याआधी ते "डोळे मिटा!" असं ओरडत, तेव्हा मालकसुद्धा निमूट पाठ फिरवायचा. एवढे डोळे जपले, आणि नजर गेली ती बायकोची. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच.

काकूंचा एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याचं डॉक्टर म्हणाले, "वर्षभर पुरला तर पुरला." ते समोर बोटं धरायचे आणि काकू दोनाची तीन सांगायच्या. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, एकदा तारा तुटताना बघायचाय मला. दर वेळी मी मान वर करेपर्यंत संपलेलं असतं."

मग रोज जेवणं उरकली की दोघं गच्चीवर. अकरा रात्री गेल्या, काकांची मान आखडली, पण तारा काही तुटेना.

"तुमच्या घोरण्याला घाबरत असतील," काकू म्हणाल्या.

बाराव्या रात्री पाण्याच्या टाकीमागून तो आला. तारा कसला, जळता गोळाच! गच्ची लख्ख उजळली, दोरीवरच्या कपड्यांच्या सावल्या भिंतीवरून सरसर सरकल्या. आणि काकांनी काय करावं? "डोळे मिट!" म्हणून ओरडले, स्वतः मान फिरवली आणि काकूंच्या डोळ्यांपुढे हात आडवा धरला.

हात काढला तेव्हा आभाळात फिकट धुराची रेघ तेवढी उरली होती. शेजारच्या गच्चीवर लोक टाळ्या पिटत होते. काकांना ब्रह्मांड आठवलं.

"सवयीनं झालं गं," ते म्हणाले, आणि त्यांना रडूच फुटलं. इतक्या वर्षांत बायकोनं एकच गोष्ट मागितली होती.

काकूंनी चाचपडत तोच हात शोधला आणि मांडीवर घेतला.

"मी कशाला मिटतेय डोळे? मी काय तुमच्या वर्कशॉपचा मालक आहे?" त्या म्हणाल्या. "बोटं नुसती लालभडक झाली होती तुमची, आतून दिवा लावल्यासारखी. मोजली मी. चार. अंगठा माझ्या नाकावर होता."

काकांनी दुसऱ्या हातानं डोळे पुसले.

"बरोबर आहे ना?" काकूंनी विचारलं.