दंडाचं माप

आईचा पोटातला कॅन्सर पसरलाय हे कळल्यावर मी पहिल्यांदा काय केलं, तर वजनकाटा विकत आणला. मग तिची शिवणाची पायमशीन खोलीतून उचलून गॅलरीत नेली, वर चादर टाकली आणि जाहीर केलं, आता नुसता आराम. माझा स्वभावच तसा आहे. घाबरलो की मी हुकूम सोडतो.

विठ्ठलवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत आईने तीस वर्षं ब्लाउज शिवले. बुद्धपौर्णिमा जवळ आली की विहारात जाणाऱ्या बायकांचे पांढरे ब्लाउज तिच्याकडेच यायचे. सगळ्यांची मापं एका लांबट वहीत. बाहीबद्दल तिचा एकच नियम होता : दंडाशी एक बोट आत गेलं पाहिजे. दोन गेली तर ढगळ, एकही गेलं नाही तर घट्ट. बाई आरशात कितीही खूश असो, बोट घालून बघितल्याशिवाय आई ब्लाउज द्यायची नाही.

दर रविवारी सकाळी मी तिला काट्यावर उभं करायचो. तुपातला शिरा, साबुदाण्याची खीर, काय वाट्टेल ते भरवत होतो. सुरुवातीला काटा खालीच गेला. मग एका रविवारी तो वर सरकला, पुढच्या रविवारी आणखी. दोन किलो! मी खाली जाऊन जिलबी आणली आणि मजलाभर वाटली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पोरा, तुझ्या सेवेला फळ आलं बघ." मला ते भयंकर आवडलं. आईने जिलबीचा एवढासा तुकडा तोंडात टाकला आणि वही उशीखाली सरकवली.

नौपाड्यातल्या दवाखान्यात त्या आठवड्यात शिरेतून द्यायच्या औषधाची पुढची पाळी होती. आत गेल्या गेल्या मी डॉक्टरबाईंना दोन किलोंची बातमी दिली. त्यांनी आईच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. तेवढ्यात आईने पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे धरली.

"बाई, हे जरा बघता का? माझं मी माप घेतलेलं."

गिऱ्हाइकांच्या मापांमध्ये तिने स्वतःचं एक पान केलं होतं. माझा काट्याचा सोहळा उरकला की ती टेप घ्यायची. कंबर दर रविवारी वाढत गेलेली आणि दंड दर रविवारी उतरत गेलेला.

"काकू, काट्यापेक्षा तुमची वही खरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी मला समजावलं. वाढलेलं वजन पोटात आणि पायांत साठलेल्या पाण्याचं होतं. त्याच्याआड हातापायांचे स्नायू झडत होते. अशा आजारात ज्यांचे स्नायू टिकतात ते औषध सोसतात, बहुतेकदा दिवसही जास्त काढतात. त्या म्हणाल्या, पोटातलं पाणी काढू, पण आज औषध नको. तीन आठवड्यांनी दंड आणखी उतरलेला असेल, तर हे औषध बंदच करावं लागेल.

"झोपून राहिलं की स्नायू अजून लवकर झडतात. दिवसभर काय करतात त्या?"

"आराम," मी म्हणालो.

परतताना रिक्षात मी आईवर चिडलो. "मला आधी का नाही बोललीस?"

"अरे, तू जिलबी वाटत फिरत होतास. एवढा खूश झालेलास, काय बोलणार?"

यावर मला रडूच आलं. ती माझ्या पाठीवर हात फिरवत बसली. त्या आजारी बाईने मला सांभाळलं.

त्याच संध्याकाळी मशीन खोलीत परत आली. पुढचे तीन आठवडे आईने जे केलं ते मी जन्मात करू शकलो नसतो. उकडलेल्या अंड्याच्या वासानेच तिला मळमळायचं. ती अर्धं खायची, उलटी झाली तर चूळ भरून थोडी बसायची आणि म्हणायची, "आण उरलेलं." मशीनची कड धरून स्टुलावरून दहादा उठायची. सातव्या वेळेला पाय लटलट कापायचे, मी पुढे झालो की डोळे वटारायची. आधी नुसतंच पायडल मारलं, मग मावशींचा पांढरा ब्लाउज शिवला, मग स्वतःचा कापायला घेतला.

"जरा सैलच शिव," मी म्हणालो. "अंग भरेल पुढे."

"आत्ता आहे त्याच मापाचा शिवणार. ढगळ ब्लाउज घालून विहारात आजारी दिसू काय?"

तीन आठवड्यांनी दंड सूतभरही वाढला नव्हता. पण उतरलाही नव्हता. डॉक्टरबाईंनी स्वतः टेप लावून दोनदा माप घेतलं आणि म्हणाल्या, "टिकलाय. मला एवढंच हवं होतं." त्या दिवशी औषध मिळालं. पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून वंदनेला ताठ बसली होती. मी मागे बसून सारखा तिच्या बाहीकडेच बघत होतो. मला तिचा इतका अभिमान वाटला की वंदनेचे शब्द चुकले.

रविवारची टेप आणि अंडी पुढेही चालू राहिली. सगळा पावसाळा तिने काढला. दिवाळीच्या जरा आधी ती गेली.

बायकांनी तिला आंघोळ घालून पांढरी साडी नेसवली. ब्लाउज तोच, पौर्णिमेचा. थोड्या वेळाने शेजारच्या मावशींनी मला आत बोलावलं. आईने इतकी वर्षं त्यांच्या बाहीत घातलं तसंच त्यांनी तिच्या बाहीत बोट घातलं होतं.

"बघ रे," त्या म्हणाल्या, "एकच बोट जातंय."