कस्तुराच्या भिंतीवरची कात

रावेतला पवनेच्या काठी, अगदी खालच्या अंगाला कस्तुराचं घर. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहायची, आणि दीर खंडूचा त्या घरावर डोळा होता.

त्र्याहत्तर सालच्या भादव्यात चिमणी लावली की नदीवरून किडे यायचे. मळकट पंख पाठीवर उभे, मागं केसासारख्या तीन शेपट्या. शेजारणी वाळवी म्हणून झाडून टाकत. कस्तुरानं मात्र निरखून पाहिलं होतं. वाळवीचे नुसते पंख गळतात. हा किडा भिंतीला धरून गप बसतो, सकाळी त्याची पाठ उकलते, आणि पंखांसकट कात टाकून तो काचेसारखा लख्ख बाहेर येतो. दिवसभरात मरूनही जातो. पांढुरक्या काती तेवढ्या भिंतीला चिकटून राहतात.

त्याच दिवसांत शेजारच्या चिमाबाईचा नातू तापानं गेला. खंडूनं संधी साधली.

"तिची भित्ताडं बघा जाऊन," तो म्हणाला. "करणी केलीय तिनं. पोराचा जीव तिथं डकवलाय."

सकाळीच माणसं घरात घुसली. चिमाबाईनं कस्तुराला केसाला धरून फरफटत भिंतीपाशी आणलं.

"माझ्या नातवाला खाल्लंस!"

"अगं, किड्याची कात हाय ती! ह्यो बघ, आत्ता निघतोय!"

खरंच एक किडा अर्धा बाहेर आला होता. चिमाबाईनं पाहिलं. तिची मूठ सैल पडली.

खंडूनं वहाण हाणून तो किडा भिंतीवरच चिरडला. मग त्याच्या हातातलं दांडकं कस्तुराच्या उजव्या कोपरावर बसलं. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं, तरी लाथा थांबल्या नाहीत. खरं सांगून मार चुकत नाही, हे तिला उमगलं. ती सरपटत चुलीपाशी गेली. खंडूनं पुन्हा दांडकं उगारलं, तसा तिनं डाव्या हातानं विळा फिरवला. त्याची दोन बोटं राखेत पडली. रक्त बघून लोक पांगले.

"विळा मारायलाच फिरवला," तिनं फौजदाराला सांगितलं. "मी हटले असते, तर माझं मढं उचललं असतंत."

खंडू तुरुंगात गेला. सुटल्यावर त्या घराकडे फिरकला नाही. कस्तुराचा कोपर पुढं कधी सरळ झाला नाही. त्याच हातानं ती चिंचवडच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची.

बऱ्याच वर्षांनी चिमाबाई दारात आली. "चुकलं गं माझं."

"तुझा नातू गेला, ते मला कळतंय," कस्तुरा म्हणाली. "पर माझ्या केसाला पयला हात तूच घातलास. आत येऊ नगं."

चिमाबाई बाहेरच बसून रडली. कस्तुरानं तिला तांब्याभर पाणी दिलं, तेही उंबऱ्याबाहेर.