त्यांच्या स्लाइडवर माझं रक्त

"कोट्यातली कोण आहे इथं? पुढं ये."

पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला सर असंच म्हणाले. सेकंड इयर होतं. बॅचमध्ये कोण कोट्यातलं, हे सगळ्यांना पाठ होतं. तरी थोडा वेळ सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

मी गेले पुढं.

कॉलेज इंदूरचं, सरही इंदूरचेच. मराठी, जुन्या घरातले. पूर्वज दरबारात अधिकारी होते, हे वर्गात कितीदा तरी ऐकवलेलं. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग, "मूळ कुठले?"

"नागपूरकडचे, सर. आजोबा इथं मिलमध्ये लागले होते."

"मग तर मिळणारच." ते वर्गाकडे वळले. "इन लोगों में सिकल सेल खूब होता है. लाइव्ह दाखवतो तुम्हाला."

मला विचारलं नाही. बोट धरलं, सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, वर ऑक्सिजन काढून घेणारं औषध टाकलं. बऱ्याच वेळानं सगळे रांगेनं मायक्रोस्कोपला डोळा लावून गेले. शेवटी मी. तांबड्या पेशी गोल असायला हव्यात. माझ्यातल्या कितीतरी विळ्यासारख्या वाकल्या होत्या.

"देखा? बेटा, लग्न जरा बघून कर. और लड़कों, तुम भी देख के."

वर्ग हसला. मीही हसले. ते हसणं मला अजून आतून जाळतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातली भाजी खाणारी मैत्रीण बाजूच्या बेंचवर गेली. म्हणाली, "यार, फैलता तो नहीं ना?" डॉक्टर होणार होती ती. रक्तातला हा दोष आईबापाकडून येतो, लागत नाही, हे कालच शिकवलं होतं.

संध्याकाळी लायब्ररीत मी तोच चॅप्टर उघडला. एकाकडून दोष आला तर माणूस बहुतेक धडधाकट राहतो. माझ्यासारखा. दोघांकडून आला तर वाकलेल्या पेशी बारीक नसांत अडकतात. लहानपणी हातपाय सुजतात. हाडं ठणकतात. डोळे पिवळे पडतात. मग एखाद्या वेळी छाती भरते.

मी वाचत होते आणि मला माझी लहान बहीण दिसत होती.

ती नऊ वर्षांची असताना गेली. छत्रीबागच्या आमच्या एका खोलीत पाय धरून ओरडायची. आई तुकोगंजला एका क्लिनिकमध्ये आया होती. तिथल्याच डॉक्टरांना दाखवायची. ते हात न लावता सांगायचे, "कुछ नहीं है बाई, स्कूल से बचने के नाटक हैं." डॉक्टरांचं खरं मानून आईनं तिला एकदा मारलंसुद्धा. त्याच थंडीत तिची छाती भरली. तीन दिवसांत संपली.

ज्या तपासणीवर माझा तमाशा झाला, ती तपासणी तिची कोणीच केली नव्हती. एक थेंब लागतो.

मी आईबाबांचं रक्त तपासून घेतलं. दोघांच्यातही तेच. आईला समजावलं, तुझी चूक नव्हती. ती उठली, भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी होती.

पुढच्या आठवड्यात सरांनी दुसऱ्या बॅचसाठी बोलावणं पाठवलं. "वो सिकलवाली को बुलाओ."

मी गेले. त्यांनी सुई काढली. मी हात मागं घेतला.

"मी रक्त देणार नाही, सर."

"का? पिछली बार तो दिया था."

"दिलं नव्हतं. तुम्ही घेतलं होतं. आणि जात बघून घेतलं होतं. शिकवायचंच असेल तर सगळ्यांना विचारा, जो हो म्हणेल त्याचं घ्या. नाव न सांगता दाखवा."

आवाज नीट निघाला. सर लाल झाले. "अ‍ॅटिट्यूड आहे. व्हायव्हात बघू."

त्याच दुपारी मी लेखी तक्रार दिली. डीनसाहेबांनी बोलावून चहा पाजला. म्हणाले, "सर सीनियर हैं. गैरसमज झाला लिहून दे. तेरा करियर पड़ा है." कागद टाइप करून तयारच होता. मी सही न करता उठले.

इंटर्नलला मला वर्गात सगळ्यात कमी मार्क पडले. आई म्हणाली, "कशाला पंगा घेते? चुपचाप डॉक्टर बन, निकल बाहेर."

"आई, आपल्या पोरीचं दुखणं नाटक म्हणणारा पण डॉक्टरच होता ना?"



तक्रारीवर अजून काही झालेलं नाही. व्हायव्हाला तेच सर बसणार आहेत. बसू देत. फेल केलं तर पुन्हा देईन, पुन्हा केलं तर पुन्हा देईन. एमडी पॅथॉलॉजीतच करणार. आणि तक्रार मागं घेणार नाही.