बैल सांगायचा, मालक न्हाय

"आप्पा, तो टीव्ही बंद करा की. मी बायोडाटा लिहायला बसलोय," पोरगी म्हणाली.

आमच्याकडच्या बायका घरात 'मी आलो, मी बसलो' असंच बोलतात. पुण्याचा फोन आला की हीच पोरगी 'मी आले, मी बसले' करते. तिची आई त्यावरून तिला चिडवायची, "पुण्याची पावणी आली गं बाई फोनवर." आईला जाऊन सात महिने झाले. चिडवायचं काम आता माझ्याकडं आलंय, पण मला ते तिच्यागत जमत नाही.

बायोडाटा म्हटल्यावर मला आपला लग्नाचाच सुचला. म्हटलं, "उंची खरी लिही. गेल्या खेपेला तुझ्या आईनं दोन इंच वाढवली होती."

"नोकरीचा, आप्पा, नोकरीचा!" म्हणाली आणि हसली. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

पोरगी पुण्यात एका हापिसात कंपन्या विकून द्यायचं काम करायची. एकाला कारखाना विकायचा असतो, दुसऱ्याला घ्यायचा असतो. हिनं मध्ये बसायचं, कागद तपासायचे, किंमत काढायची, बोलणी जमवायची. ती त्याला ॲडव्हायझरी म्हणते. मी दलाली म्हणतो. मी स्वतः वडगावच्या जनावरांच्या बाजारात उभा जन्म दलाली केली, त्यामुळं मला तो शब्द वाईट वाटत नाही. आमच्या मंडळी, म्हणजे हिची आई, म्हणायच्या, "नवरा दलाल हुताच, पोटातनं दुसरा कधी निघाला कळलंच न्हाई."

आईला दुखणं निघालं तेव्हा पोरीनं नोकरी सोडली आणि घरी आली. मी नको म्हणत होतो. पण खरं सांगायचं तर मला आजारी माणसाचं करता येत नाही. बैलाला औषध पाजलं, पण बायकोची सकाळची गोळी कुठली आणि रात्रीची कुठली हे कधी ध्यानात राहिलं नाही. शेवटपर्यंत सगळं पोरीनंच केलं.

आता एका मोठ्या ठिकाणी जागा निघालेली. चार दिवसांत कागद पाठवायचा होता. अडचण एकच. तिनं जमवलेले मोठे सौदे तीन, आणि तिन्हीत गिऱ्हाईकाचं नाव बाहेर सांगणार नाही अशी सही दिलेली. एक तर अजून गुपचूप चाललेलाच. नोकरी जुळवून देणाऱ्या मधल्या माणसानं तिला फोनवर सांगितलेलं, "मॅडम, नावं नसतील तर बायोडाटा पोकळ दिसतो. त्यात तुमचं एक वर्ष मोकळं."

"मग लिही की नावं," मी म्हटलं. "कोण बघाय येतंय!"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं.

"आप्पा, टॉवेलाखाली काय भाव ठरला ते तुम्ही आईला तरी कधी सांगितलं का?"

ज्यांना म्हाईत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनावराचा भाव बाजारात तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर टॉवेल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव करतात. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण आकडा कळतो तो दोघांनाच.

नाही सांगितलं कधी. एकदा मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावानं, माझ्या हातनं बैलजोडी विकली. घेणारा गडहिंग्लजकडचा. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "अवो, दादाला किती मिळालं?"

"दादाला विचार."

"दादा सांगत न्हाई म्हणून तर तुमाला विचारतोय!"

मी हातपाय धुवायला गेलो. पाच दिवस ताट आदळून वाढलं तिनं. सहाव्या दिवशी म्हणाली, "बरं, मालक नको, भाव नको. बैल कसा हुता ते तरी सांगा." तेव्हापासनं तीच रीत पडली. बाजार करून आलो की ती चुलीपुढं आणि मी उंबऱ्यावर. खोंड बुजरा होता, त्याला पाणी पाजून कसा शांत केला. घेणारा दात बघताना घाबरत होता. सौदा मोडायच्या बेताला आला तेव्हा मी काय युक्ती केली. नाव एकाचंही नाही, तरी तिला सगळा बाजार दिसायचा.

त्यातही एकदा चुकलो. एक शेतकरी भावांपासनं लपवून बैल विकत होता. मी चहाच्या गाड्यावर नाव न घेता फुशारकी मारली, "काय बैल आलाय! डावं शिंग मोडकं, पण चालतोय कसा!" नाव घेतलं नव्हतं, पण त्या भागात डाव्या मोडक्या शिंगाचा बैल एकच होता. दुपारपर्यंत दोन्ही भाऊ बाजारात हजर. सौदा मोडला, आणि त्या माणसानं परत कधी माझ्या दारात जनावर आणलं नाही. त्या दिवशी मंडळींनी बैल कसा होता ते विचारलं नाही, ते जास्त लागलं.

हे सगळं मी पोरीला सांगितलं. म्हटलं, "बैल सांगायचा, मालक न्हाय. आणि बैल पण असा सांगायचा न्हाय की मालक कळावा. वाच बघू काय लिहिलंयस."

तिनं वाचलं. 'जिल्ह्यातील अशा प्रकारचे यंत्रभाग बनवणाऱ्या एकमेव कारखान्याची विक्री.'

"थांब. एकमेव म्हणालीस न्हवं? ते मोडकं शिंग हाय."

तिनं स्क्रीनकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आयला, खरंच की!" जिल्हा खोडला, एकमेव खोडलं. 'पश्चिम महाराष्ट्रातील मध्यम आकाराचा, एका कुटुंबाच्या मालकीचा यंत्रभाग कारखाना' असं केलं. असे कारखाने ढीगभर आहेत.

"पुढं?"

"'विक्री प्रक्रियेतील गटाचा भाग होते.'"

"भाग म्हंजे? कासरा धरून उभी हुतीस?"

"कासरा कसला! किंमत मी काढली. मालक तिघं भाऊ, त्यातले दोघं एकमेकाचं तोंड बघत न्हवते. त्यांना एका टेबलाला मी बसवलो, तीन महिने."

"मग ते लिही की, माझे आई!"

"भाऊ भांडत होते असं लिहू?"

"तसं न्हाय. तू काय केलंस ते."

तिनं दोनदा खोडून मग लिहिलं, 'भागधारकांमधील मतभेद दूर करून विक्रीस सर्वांची संमती मिळवली.' मी विचारलं, मतभेद म्हणजे भांडणच न्हवं? व्हय म्हणाली. म्हटलं, चांगला शब्द हाय, आमच्या भावकीला उपयोगी पडंल.

शेवटी त्या मोकळ्या वर्षापुढं 'वैयक्तिक कारणास्तव खंड' असं होतं.

"हे का झाकलंस?"

"असंच लिहितात, आप्पा."

"लिहू देत. गिऱ्हाईकाचं झाकायचं, कारण ते त्याचं असतं. हे तुझं हाय. आईचं केलंस, चोरी केली न्हाईस."

तिनं लिहिलं, 'आजारी आईची पूर्णवेळ सेवा.' ही ओळ वाचून न दाखवता तिनं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. मी चहा टाकायला उठलो. दूध उतू गेलं ते पुसत बसलो.

मुलाखत घरातनंच झाली, लॅपटॉपवर. मी स्वयंपाकघरात, मध्ये नुसता पडदा. तिकडचा माणूस अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत बोलत होता. त्यानं विचारलं, कारखाना कुठला?

"ते सांगता येणार नाही, सर."

"आपल्यातच राहील."

"तरीही नाही, सर."

"निदान गाव?"

"नाही, सर. मी काय काम केलं ते हवं तेवढं विचारा."

तिकडनं कागद उलटल्याचा आवाज आला. मी पडद्याला कान लावला. मनात म्हटलं, सांग गं बाई, एवढं गाव सांगून टाक, तुझा बाप काही म्हणणार न्हाई. ती सांगेना. शेवटी तिकडनं प्रश्न आला, "ते भागधारक एका टेबलाला आणलेत कसे?" आणि पोरगी बोलायला लागली. अर्धा तास बोलली. मला सगळं कळलं असं नाही, पण ऐकत असताना टेबल दिसत होतं, भाऊ दिसत होते, आणि नाव एकाचंही कळलं नाही.

आठ दिवसांनी नोकरी लागल्याचं पत्र आलं. पुण्याला एक तारखेपासनं. तिनं ते मला दोनदा वाचून दाखवलं आणि मग खुर्चीत बसून राहिली.

"काय झालं? पेढं आणू का?"

"तुम्ही एकटं काय खाणार हितं?"

"भाकरी येतीय की मला."

"येत न्हाई. खाल्लोय मी ती. घरनं काम करायला मिळतंय का विचारतो त्यांना, न्हाईतर एवढं वर्ष थांबतो."

तेव्हा मी जरा जोरातच बोललो. म्हटलं, "आईसाठी एक ओळ लिहिलीस, ती शोभली. माझ्या नावाची दुसरी ओळ त्या कागदावर मला नको. मी आजारी न्हाय, म्हातारा हाय. गप जा."

ती रडली. मग चिडली, आईसारखीच, भांडी आदळून. मग आत जाऊन बॅग भरायला लागली.