हिराताईंनी कापलेला धागा

कोथरूडमध्ये हिराताईंकडे ब्लाउज शिवायला टाकायचा म्हणजे आधी बोलणी खायची तयारी हवी. कुणी "घट्ट होतोय" म्हणालं की उत्तर ठरलेलं, "ब्लाउज तेवढाच आहे, तुम्ही वाढलात." चाळीस वर्षांत स्वतःची चूक म्हणून कधी कबूल केली नाही बाईंनी.

आणि सुटलेल्या धाग्याचा भारी तिटकारा. दिसला की कात्री चाललीच! म्हणून दिवाळीनंतर बेंबीखालच्या जुन्या व्रणातून एक निळसर धागा डोकावला, तेव्हा त्यांनी काय केलं? कापला. महिन्याने पुन्हा आला, पुन्हा कापला. पंधरा वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनात तिथे जाळी बसवली होती, पण ती टाक्यांसारखी कधीच विरघळली असेल, असं त्या आपल्या धरून चालल्या होत्या.

मग ताप सुरू झाला, पोटात कळा येऊ लागल्या. स्कॅनमध्ये आतड्याला चिकटलेली गाठ दिसली. सर्जनबाई जपून बोलत होत्या, तरी सून नीरजाचा चेहरा पांढराफटक पडला. कॅन्सरचं नाव कुणी काढलं नाही, पण मनात तेच होतं.

"जखमेतून कधी काही बाहेर आलं होतं?" सर्जनबाईंनी विचारलं.

"छे, काही नाही," हिराताई म्हणाल्या. चक्क खोटं! सुनेसमोर कबूल कसं करायचं? दारापर्यंत गेल्या, आणि जिवाच्या भीतीने पाय अडले. "धागा आला होता," त्या पुटपुटल्या. "मी कापला. दोनदा."

सर्जनबाई उठून उभ्याच राहिल्या. "अहो, मग ही गाठ त्या जाळीची असू शकते! फार क्वचित होतं असं, तेही वर्षानुवर्षांनी."

आणि तसंच निघालं. कॅन्सर नव्हता. जाळी सरकून आतड्यात शिरली होती, वीतभर आतडं काढावं लागलं. तिसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी ऑपरेशनचा फोटो दाखवला. पोटातल्या चरबीच्या पडद्याने त्या जाळीला चहूबाजूंनी लपेटून घेतलं होतं, म्हणून पू पोटभर पसरला नव्हता.

"हे तुम्ही केलंत?" हिराताईंनी विचारलं.

"मी कुठलं! तुमच्या पोटानेच केलं."

हिराताईंनी फोटो मोठा करून पाहिला. कडा नीट दुमडलेल्या, कुठे एवढीशी फट नाही. सुई नाही, दोरा नाही, माप द्यायला कुणी नाही! त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"अगं बाई! नीरजा, असं ठिगळ मला जन्मात जमलं नसतं गं. आतून हे सांधत होतं आणि वरून मी कात्री चालवत होते."

पोटावरच्या पट्टीवर त्यांनी अलगद हात ठेवला. "चुकलं हो माझं," त्या पोटाला म्हणाल्या.

नीरजा बघतच राहिली. लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती तिला, हे शब्द तिने सासूच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.