आधी घरची भांडी पालथी करा

"आधी घरची भांडी पालथी करा. काठावर बघा, बुडाला बघा. मग या माझ्याकडं."

शाळेच्या जुन्या नोंदी बघायला आलेल्या प्रत्येकाला मामा हेच सांगत. समोरचा माणूस मोटारीतून उतरलेला असो, नाहीतर पायात चिखल घेऊन मेथीच्या वाफ्यातून थेट आलेला असो. बोलता बोलता उजव्या हाताचा पंजा हवेत उलटा करत, म्हणजे पातेलं पालथं घालावं तसा. नवखा माणूस गोंधळून माझ्याकडे बघायचा. आजोबांच्या शाळेचा दाखला मागायला आलो आणि हा शिपाई भांडी काय काढतोय, असा त्याचा चेहरा.

मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळा नाशिकच्या कडेची. पूर्वी ते गाव होतं, आता शहराने त्याला पोटात घेतलं आहे, तरी आजूबाजूला अजून झेंडू आणि गुलछडीचे मळे आहेत. शिपायांना सगळ्या शाळांमध्ये मामाच म्हणतात, आमच्याही म्हणत. तुम्हीही असे एखादे मामा पाहिले असतील, घंटा देणारे, खडू मोजून देणारे. आमचे मामा तेवढं करूनही उरत. ते उरत कुठे, तर कार्यालयातल्या तिसऱ्या कपाटापाशी. त्यात शाळेची जुनी जनरल रजिस्टरं होती. मुलगा शाळेत आला कधी, गेला कधी, पालकाचा धंदा काय, गाव कुठलं, सगळं एकेका ओळीत.

गेल्या काही वर्षांत जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांपर्यंतच्या नोंदी शोधण्याची लाट आली आणि त्या कपाटाला भाव आला. लोकांची रीघ लागायची. मामा आधी नळावर जाऊन हात धुवायचे, सदऱ्याला नव्हे तर खास ठेवलेल्या पंच्याला पुसायचे, मग कुलूप काढायचे. रजिस्टर टेबलावर ठेवताना आवाज होऊ द्यायचे नाहीत.

"हळू, सर. लय माणसं हायेत यात," असं एकदा त्यांनी मलाही ऐकवलं होतं. मी हसलो होतो.

भांड्यांचं म्हणाल, तर त्यात मोठी अक्कल होती. लोकांना आजोबांचं नाव ठाऊक असायचं, पणजोबांचं नसायचं. आजीचं माहेर तर कुणालाच नाही. पण लग्नात आलेल्या घागरीवर, परातीवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. मामांच्या सांगण्यावरून एका फुलवाल्याने माळ्यावरून परात काढली, चिंचेने घासली, तर तिच्या बुडाला आजीच्या भावाचं नाव आणि गाव निघालं, नामपूर. तो माणूस तिथे गेला. मामेआजोबांची नातवंडं भेटली, याच्या घराण्याची सगळी साखळी त्यांना पाठ होती. परत येताना त्याने मामांसाठी कांद्याचं अख्खं पोतं आणलं. मामांनी ते शिक्षकांत वाटून टाकलं आणि स्वतःला दोन कांदे ठेवले, तेही मी आग्रह केला म्हणून.

ज्याचं भांड्यावर भागत नसे त्याला ते पुढचा पत्ता देत. गंगेवर जा, गोदाघाटावर तुमच्या उपाध्यांच्या वहीत बघा, कुणीतरी अस्थी घेऊन आलंच असेल. तिथे नाही तर त्र्यंबकला. शेती असेल तर सातबाऱ्याचे जुने उतारे काढा. देवळाच्या घंटेवर नाव असतं, ते वाचा. कुणाचं नाव कुठे सापडेल याचा एवढा विचार केलेला दुसरा माणूस मला भेटला नाही. नववीपर्यंत शिकलेला माणूस, पण पदवीधर त्याच्यासमोर वही-पेन घेऊन उभे असत.

एक दिवस शाळा सुटल्यावर मी त्यांना सहज विचारलं, "मामा, तुमच्या घरच्या भांड्यांवर काय निघालं?"

"आमच्याकडं पालथी घालायला भांडीच नव्हती, सर."

मग ते नळावर जाऊन हात धुऊन आले. सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं. त्याची शिवण सुटून पानं मोकळी झाली होती. त्यातलं एक पान त्यांनी दोन्ही तळहातांवर घेऊन माझ्यासमोर धरलं. वरून सहावी ओळ. मुलाचं नाव, गाव हरसूल, पालकाचा धंदा मजुरी. शेवटच्या रकान्यात शेरा होता, सतत गैरहजर, नाव कमी केले.

"माझा बाप हाय हा," मामा म्हणाले. "आजा इथं मळ्यावर सालाने कामाला होता. बाप चार महिने शाळेत आला. मी लहान असतानाच गेला तो. गंगेवर बघितलं, त्र्यंबकला बघितलं. जमीन नव्हती, मग उतारा कुठला? लिहिलेला बाप मला ह्या एका जागी सापडला. कुणाला सांगू नका, सर. लोक म्हनतील शिपाई आपल्याच बापासाठी कपाट उघडतो."

मी म्हणालो, "मी कशाला कुणाला सांगेन?"

हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं, आणि पुढचं सांगायला त्यामुळेच जड जातं. पण सांगायचंच आहे.

शाळेची स्मरणिका निघायची होती. संपादक अर्थातच मी. पहिल्या पानावर जुन्या रजिस्टराचं एक पान छापावं अशी कल्पना मला सुचली. त्या मोकळ्या पानांत ज्याचं अक्षर सर्वांत देखणं होतं ते नेमकं हेच होतं. एका शनिवारी मामा घंटा द्यायला गेले असताना मी ते काढलं आणि घरी नेलं, चांगला फोटो काढायचा म्हणून. मामांना विचारलं नाही, कारण त्यांनी नेऊ दिलं नसतं. मुख्याध्यापकाने शिपायाची परवानगी काय घ्यायची, हेही मनात होतंच. फोटो नीट आला नाही. पान मी माझ्या कपड्यांच्या कपाटात, कागदांच्या फाइलीत ठेवलं, आणि स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करण्याच्या धावपळीत साफ विसरलो.

महिनाभराने जुन्या नोंदींची तपासणी करायला वरून साहेब आले. सगळ्यात जुन्या रजिस्टराची पानं मोजली, एक कमी, मामांनी मला दाखवलेलं तेच. दाखल्यांचे दिवस, तेव्हा पान गहाळ म्हणजे साधी गोष्ट नव्हती. कुणीतरी विकलं किंवा बदललं असणार असंच साहेबांनी धरलं.

"किल्ली कुणाकडे असते?" त्यांनी विचारलं.

"शिपायाकडे," मी म्हणालो. हे खरं होतं.

"त्या पानात याचा काही संबंध?"

इथे मी गप्प बसू शकलो असतो. पान मीच घरी नेल्याचं मला आठवत नव्हतं, शपथेवर सांगतो, त्या क्षणी खरंच आठवत नव्हतं. पण साहेबांचा रोख माझ्याकडे वळू नये एवढंच डोक्यात होतं. मी म्हणालो, "त्याच्या वडिलांची नोंद आहे त्या पानावर."

मामा दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून माणूस दचकतो ना, तसं काहीतरी होतं.

साहेबांनी मामांना खूप विचारलं. मामा एकच सांगत राहिले, "मी कशाला नेऊ, साहेब? घरी नेलं तर नुसता कागद. इथं हाय तवर तो शाळेत हाय." साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी ताकीद देण्याचा शेरा मारला आणि सेवापुस्तकात तशी नोंद घेऊन कळवा, असं मला सांगून गेले.

रविवारी सकाळी बायकोने कपाट आवरायला काढलं. स्मरणिकेची फाइल माझ्या हातात देत म्हणाली, "हे काय जुनं पान आहे?"

मी पलंगावर बसलो. साहेबांना फोन करायचा, झालं ते सांगायचं, एवढं सोपं होतं. दहा वेळा नंबर काढला. मुख्याध्यापकाने स्वतःच अभिलेख घरी नेला हे कळलं तर काय होईल, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, गावात तोंड कसं दाखवायचं, असले सगळे हिशेब मी केले. एकाही हिशेबात मामा नव्हते.

सोमवारी मी लवकर शाळेत गेलो आणि पान दुसऱ्याच रजिस्टरात सरकवून दिलं. मग टेबलाशी बसून मामांचं सेवापुस्तक उघडलं आणि लाल शाईने नोंद केली, अभिलेखाच्या जतनात गंभीर हलगर्जीपणा केल्याबद्दल लेखी ताकीद. खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

दोन दिवसांनी लिपिकाला पान "सापडलं". शाळेत आनंदीआनंद. मी साहेबांना कळवलं की पान मिळालं, चुकून दुसरीकडे गेलं होतं. साहेबांचं उत्तर आलं की मिळालं हे चांगलं झालं, हलगर्जीपणा तो हलगर्जीपणाच, नोंद राहू द्या. मी राहू दिली.

मामांनी हात धुतले, पान घेतलं, सहावी ओळ बघितली. मग पान नाकाशी नेलं.

"डांबरगोळ्यांचा वास येतोय, सर," ते हळूच म्हणाले. "आपल्या कपाटात तर मी कडुनिंबाचा पाला ठेवतो."

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो. डांबरगोळ्या कुणाच्या घरच्या कपाटात असतात हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मामांनी पान जागेवर ठेवलं, कुलूप लावलं, आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. त्यानंतर त्यांनी ते कपाट कधी उघडलं नाही. लोक येत, तर ते म्हणत, "सरांकडं जा." भांड्यांचं मात्र सांगत राहिले. हाताचा पंजा तसाच उलटा करत.

दीड वर्षाने मामा निवृत्त झाले. ताकीद मिळालेल्या माणसाचा समारंभ करायचा की नाही यावर संस्थेत चर्चा झाली आणि झाला नाही. मी सभेत होतो. तिथेही कागद सारखे करत होतो.

माणूस आयुष्यभर लोकांना त्यांच्या वाडवडिलांची ओळ शोधून देतो. उद्या त्याच्या नातवंडांनी त्याला शोधलं तर शाळेत त्याची ओळ मिळेल ती लाल शाईतली, आणि ती माझ्या हातची असेल. हे मनात आलं की अजून कानशिलं तापतात. नोंद चुकीची आहे, पान मीच नेलं होतं, असा अर्ज मी तीनदा लिहिला. तीनही वेळा फाडला. तिसऱ्या वेळी तर मी स्वतः निवृत्त झालो होतो, गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी फाडला. भित्रेपणाची सवय लागते.

अर्जाऐवजी मी भांडी बाजारात गेलो. जाड पत्र्याचा पितळी तांब्या घेतला. कोरणाऱ्याला मामांचं पूर्ण नाव लिहून दिलं, वडिलांच्या नावासकट. गळ्यापाशी त्याने सुंदर कोरलं. मग मशीन थांबवून विचारलं, "देणाऱ्याचं काय टाकू?"

"राहू द्या," मी म्हणालो.

मामांचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा. मला बघून ते उठून उभे राहिले, जुनी सवय. तांब्या हातात घेतला आणि, सांगायला नकोच, आधी पालथा केला. मग सरळ करून गळ्यावरची अक्षरं अंगठ्याने वाचली. वडिलांच्या नावावर अंगठा थांबला. बराच वेळ तिथेच होता.

"देनाऱ्याचं नाव नाय, सर."

"राहून गेलं."

"बरं," मामा म्हणाले. नंतर चहा झाला, गुडघेदुखीवर बोलणं झालं. मी सांगायला आलो होतो ते सांगितलं नाही. ओट्यावरून उतरताना त्यांनी माझा हात धरला, पायरी उंच आहे म्हणून.

यंदा थंडीत मामा गेले. मला चार दिवसांनी कळलं. गेलो, तर त्यांची मुलगी घरात होती. तिने पाणी आणलं, त्याच तांब्यातून. पेला भरून दिला, तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून आत गेली. तळाशी घोटभर उरलं होतं, तेही मी पेल्यात ओतलं. रिकामा तांब्या हातात होता. मामांच्या घरी बसून जे करावं ते माझ्या हाताने आपसूक केलं.

बुडाला खिळ्याने कोरलेलं होतं. अक्षरं वाकडी, एक खोल, एक उथळ. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव. पुढे, "सरांनी दिला". माझ्या वडिलांचं नाव त्यांना कुठून मिळालं असेल? शाळेच्याच कुठल्या तरी कागदावरून. नीट बघून, लक्षात ठेवून.

मुलगी बाहेर आली. मी विचारलं, "हे कधी कोरलं?"

"तुम्ही देऊन गेलात ना, त्याच दिवशी. ओट्यावर खिळा आणि दगड घेऊन बसले होते. मी म्हटलं, दादा, सरांचं नाव टाकायचं राहिलं वाटतं. तर म्हणाले, राहिलं नाय गं, पन असू दे. पाठच्यांना कळाया पाहिजे, कुनी दिला ते."

पान माझ्या कपाटात होतं. एवढ्या चार शब्दांचं वाक्य. ते तिथेही माझ्या तोंडून निघालं नाही. ते इथे लिहितो आहे.

मी तांब्या सरळ करून ठेवला.

"आणखी पाणी देऊ, सर?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.