डाव्या हाताचा ट्रम्पेट

लग्नात डावा हात पुढे करायचा नाही, हा आमच्या घरातला नियम. का? असं विचारायचं नाही, हा त्याच्या पुढचा नियम!

आणि माझ्या उजव्या हाताला जन्मापासून बोटंच नाहीत. आता बोला! त्यात चिंचणीत आमच्या काकांचा ब्रास बँड, आणि मला ट्रम्पेटचं वेड. काकांचं एकच, "नमू, घरात वाजव हवं तेवढं. वरातीत डावा हात? नाय!"

मीही इंजिनीअरिंग शिकलेली! चाव्या डाव्या हाताने दाबता येतात, पण मग ट्रम्पेट धरणार कोण? बोईसरच्या एका वर्कशॉपमधून मी खांद्यावरचे पट्टे आणि त्यांना पुढे अॅल्युमिनियमची दांडी करून घेतली. ट्रम्पेट दांडीवर, बरोब्बर ओठांसमोर. सुटू नये म्हणून पाठीवर नट! काकूने ते पान्याने असे आवळले, की सुटायची बातच नको.

शेवटी काका कुरकुरत म्हणाले, "एक वरात. गडबड झाली तर परत नाव नाय काढायचं!"

वरात सातपाटीला. काय वाजवलंय मी म्हणून सांगू! डोळे मिटूनच. डोळे उघडले तर समोर खुद्द नवरदेव! मान वाकवून, हात हलवत, उलट्या पावलांनी नाचत होता. म्हटलं, वा! याला म्हणतात कदर.

अहो, कसली कदर? त्याच्या मुंडावळ्या माझ्या दांडीच्या पुढच्या स्क्रूत अडकल्या होत्या! पण मला काय माहीत? मी पुढे, म्हणून तो मागे. पोरांना वाटलं नवीन स्टेप आहे. सगळीच माना वाकवून उलटी नाचायला लागली. बायका ओरडत होत्या. काका दोन्ही हात वर करून उड्या मारत होते. मला भरून आलं. काका, आणि माझ्यासाठी नाचतायत? मी आणखी जोरात फुंकलं!

मांडव आला. मांडव गेला! नवरीची आई आरतीचं ताट घेऊन आमच्या मागे धावत सुटली.

शेवटी नवरदेवाने ट्रम्पेटच धरला. "ताई, लग्न लावायचंय मला!"

"ट्रम्पेट काढ आधी!" काका ओरडले.

"निघत नाही. पाना चिंचणीला राहिला."

नवरीच्या आईने ताट खाली ठेवून एकेक मोती सोडवला. नवरी मांडवाच्या दारात पोट धरून हसत होती. काका मात्र वऱ्हाडातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन माझ्यासमोर उभे ठाकले.

"बघितलंस? डावा हात! उद्यापासून तू घरात बसायचं."

मी आधी छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून सगळ्यात वरचा सूर फुंकला, आणि मग म्हणाले, "नाही बसणार! नवरदेव स्क्रूत अडकला, माझ्या डाव्या हातात नाही. दांडी चुकली, ती मी बदलेन. हात बदलणार नाही! उद्याही वाजवणार!"

तिघेही गप्प. एक शब्द नाही! मी विजयी मुद्रेने मागे उभ्या काकूकडे पाहिलं. "बघ, जिरवली की नाही?"

काकूने कपाळावर हात मारला. "कसली जिरवतेस? ट्रम्पेट त्यांच्या तोंडासमोरच होता ना! तिघांच्या कानांना दडे बसलेत. काका खुणेनं विचारतायत, काय बोललीस ते परत सांग."